करवलीची सीट

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

मोठ्या गाडीची मागची काच पुसत होतो. आधी ओलं फडकं, मग कोरडं. तेवढ्यात मनोजदादा बनियनवरच खाली आला आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "बघ!"

पिवळी गाडी. इतकी बुटकी, की आधी वाटलं फोटो खालून कापला गेलाय. दारं दोन.

"लग्नाआधी अंगणात पाहिजे."

"मागे किती जण बसतात?" मी विचारलं.

"मागे इंजिन बसतं!" — आणि स्वतःच हसत वर गेला.

मी हिशेब केला. सीट दोन. एक मनोजदादाची. एक वहिनींची, म्हणजे तीस तारखेला ज्या वहिनी होतील त्यांची. आणि मी? सुश्रुत, महादूशेठच्या घरचा ड्रायव्हर, नोकरी तीन वर्षं दोन महिने — मी बसणार कुठे? इंजिनावर?

काच तीनदा पुसली. दुसऱ्यांदाच स्वच्छ झाली होती.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मोठ्या गाडीचा विमा भरला. अर्जावर राहीकाकींची, म्हणजे मनोजदादाच्या आईची, सही घेतली, कारण गाडी त्यांच्या नावावर आहे. शेठचं म्हणणं, पहिली गाडी घरच्या लक्ष्मीच्या नावावर असावी. काकी सही सावकाश करतात, जीभ दातांत धरून.

बाबांना काही सांगितलं नाही. ते उगीच काळजी करतात. (ही सवय मला कुठून आली ते कळतंच.)

बुधवार, ५ नोव्हेंबर

ठरलं! पिवळी गाडी येऊ द्यायची नाही. पण खोटं बोलायचं नाही.

बाबा, म्हणजे दत्तोपंत, चौतीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकून होते. त्यांचं एक वाक्य आहे — "खोटी नोंद करू नये. पण खरी नोंद कोणासमोर उघडायची, हे आपल्या हातात असतं." मी अकरावीत शाळा सोडली. पण हा धडा मला पाठ आहे.

तर खऱ्या नोंदी. दुपारी शेठ जेवून आडवे झाले तेव्हा मोजपट्टी घेऊन निघालो. हमरस्त्यापासून आमच्या दारापर्यंत स्पीडब्रेकर चौदा. त्यातले नऊ लोकांनी आपापल्या दारासमोर घातलेले. सगळ्यात उंच सहावा — साडेपंधरा सेंटिमीटर! पिवळ्या गाडीचं पोट जमिनीपासून अकरा सेंटिमीटर. (इंटरनेटवर दोन ठिकाणी बघितलं.)

सहाव्यापाशी वाकलो होतो तर गोदामाचा वॉचमन धावत आला. "साहब, पंचायत से?" मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. खुर्ची आली, चहा आला, वर विनंती — "एक हमारे गेट के सामने भी बनवा दो, कंटेनरवाले बहुत भगाते हैं." मी वहीत लिहून घेतलं. न लिहिणं बरं दिसलं नसतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मनोजदादाला ठाण्याच्या शोरूमला घेऊन गेलो. तो पिवळ्या गाडीत बसून फोटो काढत होता. चौदा फोटो. मी विक्री बघणाऱ्या पोराशी बोलत उभा राहिलो. केदार नाव. माझ्याच वयाचा असेल, टायची गाठ फार घट्ट.

मी सहज विचारलं, "ही गाडी घेतं कोण? तरुण पोरं?"

त्याने आजूबाजूला बघितलं. "खरं सांगू? तरुण पोरं हिच्यात फक्त फोटो काढतात. घेतात पन्नाशीतले."

"का?"

"पन्नाशीत पोरं मोठी झालेली, मागे कुणाला बसवायचं नसतं. पंचविशीत अख्खं खानदान मागे असतं! आई, बहीण, बायको, चार मित्र. म्हणून पोरं ती घेतात." आणि कोपऱ्यातली निळी गाडी दाखवली. चार दारं, साधीच वाटली मला. "वाटते साधी. इंजिन ऐका एकदा. बाहेरून सासऱ्यासमोरचा जावई, आतून मित्रांमधला!"

हे वाक्य गाडीत येऊन लगेच लिहून ठेवलं.

परतताना मनोजदादाला म्हटलं, निळी पण बरी दिसते. तो म्हणाला, "सुश्रुत, ती बँक मॅनेजरची गाडी आहे रे."

रविवार, ९ नोव्हेंबर

आज केदार पिवळी गाडी घरी दाखवायला घेऊन आला. रस्ता फोनवर मी सांगितला. नव्या गोदामांच्या मागून सरळ रस्ता आहे, मी गावातला सांगितला. सहावा स्पीडब्रेकर गावातल्या रस्त्यावर आहे, त्याला मी काय करणार?

आवाज थेट अंगणापर्यंत आला. खर्रर्र! फरशीवरून लोखंडी कपाट ओढल्यासारखा. हमरस्त्यावर जाऊन मनोजदादाने स्टिअरिंग घेतलं होतं, तोच चालवत होता. दारात येऊन उतरला आणि ओणवा होऊन गाडीखाली बघायला लागला. मी बॅटरी पुढे केली. ती आधीपासूनच माझ्या हातात होती.

"सहावा जरा उंच आहे," मी म्हटलं. "साडेपंधरा."

मला वाटलं, जिंकलो. तर महादूशेठ झोपाळ्यावरून म्हणाले, "फोरून टाकू. पंचायत आपलीच हाय."

संपलं! मोजपट्टीचे पंचेचाळीस रुपये पाण्यात.

मग दुसरा उपाय. "काकी, तुम्ही पण बसून बघा ना."

राहीकाकी बसल्या. म्हणजे आधी वाकल्या, मग आणखी वाकल्या, आणि शेवटी खाली पडल्या असंच म्हणावं लागेल. आतून आवाज आला — "ही गारी हाय का पाट?" बसताना वेळ लागला पाच सेकंद. उठायला त्यापेक्षा पुष्कळ जास्त. "बाला, वर काढ मना!" एक हात शेठनी धरला, दुसरा मी. मी हात द्यायला जरा उशीर केला. शेजारच्या गच्चीवर लोक गोळा व्हावेत एवढाच. सगळी आळी हसली. काकी सगळ्यात जास्त.

मनोजदादावर मात्र काही परिणाम नाही! म्हणाला, "आईला कुठे हिच्यात बसायचंय? आईला मोठी गाडी आहेच की."

दोन्ही उपाय फुकट. सतरा तारखेला बुकिंग करतोय.

सोमवार, १० नोव्हेंबर

सहावा स्पीडब्रेकर फोडला. लोक महादूशेठला दुवा देतायत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सुचलं! आणि तेही शिंप्याच्या दारात!

मनोजदादाची बहीण भाविकाताई — तिला ब्लाउज आणायला भिवंडीत घेऊन गेलो होतो. भावाच्या लग्नात करवली तीच. परतताना मागच्या सीटवर आरशासमोर सारखी शालू लावून बघत होती. "सुश्रुत, करवलीचा फोटो नवरदेवापेक्षा चांगला आला पाहिजे. कळलं? तू गाडी हळू चालव त्या दिवशी."

"मी?" मी म्हटलं. "त्या दिवशी तर नवी पिवळी गाडी."

"मग?"

"नाही, मी आपला विचार करत होतो. करा मांडीवर धरणार ना तुम्ही? पाणी, वर नारळ, आंब्याची पानं. नवरदेवाच्या शेजारी. ते जाताना जमेल. येताना नवी वहिनी पण असणार. आणि तिच्याबरोबर पाठराखीण. म्हणजे किती झाले?"

मागे शालूचा आवाज थांबला. आरशात बघितलं. भाविकाताई बोटांवर मोजत होती. नवरा, नवरी, करवली, पाठराखीण.

मी इंडिकेटर दिला आणि वळलो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

घरात महाभारत! मी अंगणात टायरची हवा बघत होतो. चारही टायर दोनदा बघितले, म्हणून सगळं ऐकू आलं.

भाविकाताई — "करवली काय मागून टेम्पोतनं येणार? मंडपवाल्यांच्या खुर्च्यांवर बसून?"

मनोजदादा — "जाताना तू पुढे बस ना."

"आणि येताना? वहिनीच्या मांडीवर मी, माझ्या मांडीवर करा, आणि पाठराखणीला काय टपावर बांधणार?"

"येताना तुम्ही मोठ्या गाडीत या."

"नवरानवरी एका गाडीत, करवली दुसऱ्या गाडीत! कोणाच्या लग्नात बघितलंस असं?"

मग महादूशेठ. ते एरवी मनोजदादाला काही म्हणत नाहीत. आज म्हणाले, "करवली गारीत न्हाय तं मंग ती वरात कसली? दोन सीटची गारी घोऱ्यापेक्षा बरी काय? घोऱ्याव तरी मागं पोर बसतंय."

मनोजदादा तरीही हटला नसता. त्याला हरवलं त्याच्याच मित्रांनी. संध्याकाळी चौघं आले. पिवळ्या गाडीत पहिली चक्कर कोण मारणार यावरून भांडले. एक म्हणाला, "तू एकेकाला फिरवणार, बाकीचे तीन काय नाक्यावर टोकन घेऊन उभे राहणार?" एक तर रुसून गेला. मनोजदादा पायरीवर एकटाच बसला. मग मला म्हणाला, "सुश्रुत, त्या बँक मॅनेजरच्या गाडीचा नंबर आहे तुझ्याकडे? त्या केदारचा?"

होता. पाठ होता.

रविवार, १६ नोव्हेंबर

निळी गाडी चालवून बघितली. मनोजदादा चालवत होता, शेजारी केदार. मागे शेठ, काकी, भाविकाताई. मी मोठी गाडी घेऊन मागून. नव्या रस्त्याला लागल्यावर निळी दिसेनाशीच झाली! तीन मिनिटांनी पुढे कडेला उभी सापडली. मला वाटलं बंद पडली. जवळ गेलो तर आत सगळे हसतायत. शेठचे केस उभे. भाविकाताईचा गॉगल मागच्या काचेपाशी. आणि राहीकाकी पुढे वाकून मनोजदादाच्या पाठीवर थाप मारतायत — "अजून येकदा! अजून येकदा कर!"

मनोजदादाच्या तोंडावरचा आनंद बघितला आणि खरी गोष्ट कळली. पिवळ्या गाडीत त्याने एकट्याने वेग घेतला असता, शेजारी केदार घाम पुसत. इथे आई ओरडते, बहीण शिव्या देते, बाप खोकतो. वेगाला बघणारे लागतात. दोन सीटच्या गाडीत एकच बघणारा, आणि तोही घाबरून डोळे मिटून घेतो.

परतताना काकी मोठ्या गाडीत आल्या, माझ्या शेजारी पुढे. नेहमी मागे बसतात. माझ्या पायांकडे बघत होत्या. "त्यानं कंचा पाय दाबला रं? उजवा?"

"उजवा."

"आनि डाव्याला काय काम?"

"त्या गाडीत काही नाही. या गाडीत क्लच असतो, काकी."

"हां," म्हणाल्या. मग गोदामं संपेपर्यंत नजर माझ्या डाव्या पायावरच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

निळीचं बुकिंग झालं!!

कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो. हे मी केलं. खोटं एक अक्षर बोललो नाही. वज्रेश्वरीला एक नारळ कबूल केला होता, तो द्यायचा राहिला.

आज बाबांनी विचारलं, हल्लीची मुलं त्या पेपरातल्यासारख्या बसक्या गाड्या का घेत नाहीत? पैसे तर जमिनीचे, गोदामांचे पुष्कळ आलेत. मी म्हटलं, घ्यायचं मनात असतं. पण माणूस एकटा कुठे असतो? सकाळी तीच गाडी घेऊन वडिलांना दवाखान्यात न्यायचं. दुपारी भाडेकरू कंपनीच्या साहेबाला गोदाम दाखवायचं. त्याच्यासमोर पिवळ्या बेडकातून उतरलं तर तो भाडं कमी करायला सांगेल. रात्री मात्र रिकामा रस्ता मिळाला की उजवा पाय दाबायचा. एका गाडीत दोन्ही पाहिजे. चारचौघांत शहाणं दिसायचं आणि आतून वेडं राहायचं.

बाबा म्हणाले, "म्हणजे सगळी कामं एकाच गाडीत."

"हो ना!" मी म्हटलं. केवढ्या आनंदाने म्हटलं!

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

निळी आली. चार चाकांखाली चार लिंबं. मनोजदादाने लिंबं चिरडली आणि थेट अंगणाबाहेर काढली गाडी. मी दार उघडायला गेलो होतो. तो आतून म्हणाला, "राहू दे रे, मी आहे."

रविवार, ३० नोव्हेंबर

लग्न. नवरदेवाने स्वतः गाडी चालवायची नसते, म्हणून आज निळी माझ्या हातात! येताना मागे मनोजदादा, वहिनी आणि भाविकाताई. पुढे माझ्या शेजारी पाठराखीण. पाच जण, पाच सीट. एकही रिकामी नाही.

हमरस्त्यापासून तेरा स्पीडब्रेकर. (सहावा आता नाही.) दारात थांबल्यावर भाविकाताईच्या मांडीवरचा करा बघितला. पाणी काठापर्यंत तसंच. नारळ हललेला नाही. ती म्हणाली, "सुश्रुत, तू नसतास तर आज मी टेम्पोत असते."

माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस.

बुधवार, ३ डिसेंबर

सावकाश लिहितो. अक्षर बिघडतंय.

शेठनी सकाळी झोपाळ्याजवळ बोलावलं. चहा दिला. चहा दिला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. म्हणाले, "सुश्रुत, आता मोटी गारी इकून टाकाची. नव्या गारीत सगला भागतंय. सगली बसतान. आनि मन्या तं चावी कोनाला हातच लावू देत न्हाय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ती पिवली घेतली असती ना, तं मोटी ठेवायलाच लागली असती. तुनापन ठेवायला लागला असता. पन ही निली बरी भेटली. येका गारीत काम."

मी म्हटलं, "हो शेठ."

महिनाअखेरपर्यंत पगार देणार आहेत. माणूस वाईट नाही.

घरी येऊन ही वही मागे उलटली. ९ नोव्हेंबर. माझ्याच अक्षरात — "आईला मोठी गाडी आहेच की." ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर. नीट लिहून खाली लिहिलं, दोन्ही उपाय फुकट! पिवळी गाडी आली असती तर मोठी गाडी राहिली असती, आणि मोठ्या गाडीबरोबर मी. मोजपट्टी घेऊन मी कोणाचा स्पीडब्रेकर मोजत होतो?

गुरुवार, ४ डिसेंबर

बाबांना सांगितलं. सगळं. करवलीचं सुद्धा. ते रागावतील वाटलं. ते इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. मग चष्मा लावला आणि विचारलं, "पुढे काय करणार?" त्यावर मात्र दोघंही हसलो नाही.

गाडी बघायला रविवारी गिऱ्हाईक येणार. विक्रीच्या कागदांवर सही राहीकाकींची लागते. कागद मीच नेऊन दिले. माझ्याच नोकरीचे कागद माझ्याच हाताने! काकी म्हणाल्या, "ठेव तिथं."

शनिवार, ६ डिसेंबर

सही झाली नाही. काकी म्हणतात चष्मा सापडत नाही. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

रविवार, ७ डिसेंबर

गिऱ्हाईक कल्याणहून आलं. बॉनेट उघडून झालं, टायरला लाथ मारून झाली. शेठ म्हणाले, "राही, सही कर."

काकी पायरीवर वांगी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गारी माज्या नावाव हाय. मी न्हाय इकत."

शेठ हसले. "आगं, पन ठेवून कराचा काय? चालवल कोन?"

"मी."

मनोजदादा निळी धूत होता, पाइप हातात तसाच, पाणी त्याच्याच पायावर. काकी म्हणाल्या, "माजं माहेर दिघाशीला. तीस वर्सं कोनीतरी नेल तवा जायाचं. भाव विचारतंय, कोनाबरोबर आलीस. आता मीच जाईन. यो पोर शिकवल मना."

गिऱ्हाईक चहा न घेता गेलं.

नंतर मी भांडी उचलायच्या निमित्ताने जवळ गेलो. मला आभार मानायचे होते. काकी हळूच म्हणाल्या, "रस्ता मोजीत व्हतास तवा मी गच्चीव पापर घालत व्हते. आनि त्या पाटाव बसवून मना वर काराला किती येल लावलास रं? मना समजत न्हाय काय?" मग चिरलेल्या वांग्याचं ताट माझ्या हातात दिलं. "करवलीचं मातर झ्याक सुचलं तुना."

सोमवार, ८ डिसेंबर २०२५. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

आज काच पुसली नाही. डाव्या सीटवर बसलो होतो. जागा: शेठच्या रिकाम्या गोदामाचं आवार. काकींनी चपला काढून ठेवल्या, स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं आणि क्लच सोडला.

खर्च: मोजपट्टी ४५ रुपये. हळदकुंकू १० रुपये. आवारातला निळा प्लास्टिकचा ड्रम, चेपलेला, एक, ६५० रुपये (काकी म्हणाल्या, "माज्या नावाव लिव").

देणं: वज्रेश्वरीला एक नारळ. वॉचमनला गेटसमोर एक स्पीडब्रेकर. राहीकाकींना लायसन्स — आणि ते मिळाल्यावर आमच्या पूर्णा गावापासून दिघाशीपर्यंत. त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही, अशी त्यांनी मला ताकीद दिली आहे. मी मागे बसायचं. मांडीवर करा घेऊन.